बटाट्याचं पांढरं पाणी

चिरलेला बटाटा पाण्यात टाकला की पाणी गढूळ होतं. ते पातेलं थोडा वेळ न हलवता ठेवलं, तर तळाशी पांढराशुभ्र थर बसतो. बोटांनी दाबला की करकरतो. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व काढतात, गव्हाचं काढतात. हे बटाट्याचं सत्त्व, म्हणजेच स्टार्च. बरीच वर्षं मी बटाट्याचे पदार्थ करते आहे, त्यांच्याविषयी हाती येईल ते वाचते आहे, आणि जिथे जाईन तिथे तिथली माणसं बटाट्याचं काय करतात हे आधी विचारते आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. बटाट्याच्या पदार्थाला जी नजाकत येते, ती वरून पेरलेल्या चीजमुळे किंवा कोथिंबिरीच्या नक्षीमुळे नव्हे. ती ठरते दोन गोष्टींवर : चकती किती जाड कापली, आणि कापल्यावर ती धुतली की नाही.

दिवाळीत घरी जेवायला माणसं यायची असली की आपण पनीर आणतो, मशरूम आणतो, बेबी कॉर्न आणतो. बटाटा असतो तो भाजी वाढवायला, रस्सा दाट करायला, नाहीतर तिखट न खाणाऱ्या मुलांसाठी. मला याचं वाईट वाटतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सर्वांत नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये ज्या भाजीच्या चकत्या लोण्यात रचून मोठ्या इतमामानं वाढल्या जात, ती भाजी आपल्या टोपलीत बाराही महिने असते. तिच्यासाठी वेगळं सामान लागत नाही. बटाटा, तूप, मीठ, दूध, धारदार किसणी आणि थोडा वेळ, एवढ्यावर मुख्य पदार्थ म्हणून ताटाच्या मध्यभागी ठेवावं असं काही तरी घडतं.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दक्षिण अमेरिकेत, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात काही हजार वर्षांपूर्वी बटाटा माणसाळला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो आपल्या किनाऱ्याला लागला. पेरूची राजधानी लिमा इथे १९७१ साली आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र स्थापन झालं, आणि तिथे बटाट्याचे हजारो वाण जपून ठेवले आहेत. फ्रान्सनं मात्र बटाटा सहजासहजी स्वीकारला नाही. १७४८ साली तिथे त्याच्या लागवडीवर बंदी आली होती. आंत्वान-ओग्युस्तँ पार्मांतिए हा औषधं तयार करणारा माणूस सात वर्षांच्या युद्धात प्रशियात कैद झाला, तिथे त्याला बटाटे खायला मिळाले, आणि सुटून आल्यावर त्यानं उरलेलं आयुष्य बटाट्याच्या प्रचारात घालवलं. १७७२ साली पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठानं बटाटा खाण्यायोग्य असल्याचं जाहीर केलं. पॅरिसच्या मेट्रोत पार्मांतिएच्या नावाचं स्टेशन आहे. शेतकऱ्याच्या हातात बटाटा ठेवणाऱ्या पार्मांतिएचा पुतळा तिथे फलाटावर उभा आहे. मी मुद्दाम वाट वाकडी करून तो पाहायला गेले, आणि दोन गाड्या तशाच जाऊ दिल्या. त्याच्या थडग्यावर लोक आजही फुलांऐवजी बटाटे ठेवतात.

आता बाजारात जाऊ. पुण्या-मुंबईच्या भाजीवाल्यांकडे तळेगाव, इंदूर, आग्रा अशी नावं ऐकू येतात. जुना विक्रेता असेल तर तो आधी विचारतो, "ताई, रश्श्याला पाहिजे का वेफरला?" सगळी विद्या या एका प्रश्नात आहे. काही बटाटे शिजल्यावर पिठूळ होतात, बोटांनी दाबताच भुगा होतो. काही शिजूनही चिवट, ओलसर राहतात, त्यांच्या फोडी मोडत नाहीत. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, पाणी कमी; दुसऱ्यात उलटं. नावावरून खात्री पटत नसेल, तर हॅरॉल्ड मॅक्‌गी या अमेरिकी लेखकानं सांगितलेली युक्ती करून पाहावी. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवायचं आणि त्यात बटाटा सोडायचा. पिठूळ बटाटा जड असल्यानं बुडतो, दुसरा तरंगतो. पाच किलो बटाटे घेण्याआधी एक-दोन बटाटे घरी आणून ही परीक्षा मी घेते.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातलं खेड, आंबेगाव, साताऱ्यातलं पुसेगाव हा बटाट्याचा मुलूख. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात गेलं तर दोन्ही बाजूंना बटाट्याचीच शेतं दिसतात. तिथला बराच माल वेफर कंपन्यांशी केलेल्या करारावर पिकतो. जूनच्या अखेरीस, जुलैत लागवड होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर मंचरच्या बाजारात नवा बटाटा येतो. पातळ सालीचा, अंगठ्यानं चोळलं तरी साल निघावी असा. राजगुरुनगरला केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं केंद्र होतं. ही संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ साली सिमल्याला हलली. सिमल्याजवळच्या कुफरी या गावाचं नाव तिच्या वाणांना असतं : १९६८ सालची कुफरी ज्योती, १९९८ सालची वेफरांसाठीची कुफरी चिप्सोना, आणि आपल्या पठारी भागासाठीची, नावाप्रमाणेच लवकर हाती येणारी कुफरी लवकर. मंचरच्या बाजारात मी एका शेतकरीदादांना विचारलं, घरी कोणता बटाटा खाता? ते म्हणाले, "कंपनीचा कंपनीला. घरासाठी बांधाकडेच्या दोन सऱ्या वेगळ्या असतात." त्या दोन सऱ्यांतला बटाटा त्यांनी मला पिशवीत घालून दिला. चुलीत भाजून, मीठ लावून खाल्ला. इतका स्वच्छ, मातीचा वास असलेला बटाटा शहरात मिळणं कठीण.

एक तक्रार घरोघरी असते : बटाटे गोड निघाले. उत्तरेत फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला बटाटा शीतगृहात महिनोन्‌महिने राहतो. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा तळला की आत शिजण्याआधीच बाहेरून तपकिरी, कडवट होतो. म्हणूनच बटाटे घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. गोड निघालेले बटाटे दोन-तीन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवले तर त्यांचा गोडवा पुष्कळसा उतरतो. उजेडात मात्र ठेवायचे नाहीत. हिरवे पडतात, आणि हिरवा भाग खाण्याजोगा नसतो.

आता चकतीकडे येते. चकतीची ओढ मला लागली ती आमच्या आत्यामुळे. आत्याच्या काचऱ्या आमच्या घराण्यात नावाजलेल्या होत्या. विळीवर बसून ती बटाट्याच्या अर्धचंद्राकृती काचऱ्या करायची, सगळ्या एका जाडीच्या. मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी, त्यात काचऱ्या, मीठ, तिखट, किंचित साखर. पाण्याचा थेंबही नाही. वर ताट झाकून त्या ताटात पाणी ओतायचं. त्या पाण्यामुळे झाकण थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून खाली ठिबकते आणि बटाटा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो. शेवटी झाकण काढून मोठ्या आंचेवर दोन मिनिटं, म्हणजे कडा खरपूस होतात. या भाजीत लपवण्यासारखं काहीच नसतं. एक काचरी जाड आणि दुसरी पातळ झाली, तर एक कच्ची राहते आणि दुसरी मोडते. मी लहान असताना आत्या म्हणायची, "अगं, हात घाई करायला लागला की विळी बाजूला ठेवावी, पाणी प्यावं, मग पुन्हा बसावं." काचऱ्यांचे बटाटे ती चिरून एकदा धुवून, निथळून घ्यायची. त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून.

उपवासाचा कीसही तसाच. कच्चा बटाटा जाड भोकांच्या किसणीवर थेट पाण्यात किसायचा, घट्ट पिळायचा, आणि तुपात जिरं, मिरचीवर परतायचा. पांढरं पाणी टाकून दिल्यानं कीस मोकळा होतो. मग दाण्याचं कूट, मीठ, साखर, लिंबू, खोबरं. याच्या उलट स्वित्झर्लंडची रोश्टी. बर्न भागातल्या शेतकऱ्यांची ती न्याहारी. तिथे बटाटे आदल्या दिवशी सालीसकट, किंचित कच्चेच उकडून थंडीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी सोलून किसतात, धूत नाहीत, आणि लोण्यात थापून दोन्ही बाजूंनी भाजतात. रात्रभर थंड झाल्यानं स्टार्च घट्ट बसतो. किसताना लगदा होत नाही, आणि तव्यावर कीस एकमेकाला धरून राहतो. अंडं नको, पीठ नको. कीस आणि रोश्टी यांचा माल सारखाच, किसणीही जवळपास सारखी. एकीकडे सत्त्व धुवून टाकलं म्हणून मोकळेपणा, दुसरीकडे ते राखलं म्हणून अखंड, सोनेरी चकती. हे दोन पदार्थ एकाच दिवशी शेजारी-शेजारी करून पाहावेत. बटाट्याबद्दल जे पुस्तकं सांगत नाहीत ते त्या दोन तव्यांवर समजतं.

आणि आता माझा सर्वांत लाडका पदार्थ, पॉम आना. याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये काफे आंग्ले नावाचं रेस्टॉरंट होतं. १८६६पासून तिथल्या स्वयंपाकघराची सूत्रं अदोल्फ द्युग्लेरे यांच्याकडे होती. ७ जून १८६७ रोजी तिथे झालेलं 'तीन सम्राटांचं भोजन' युरोपभर गाजलं. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, त्याचा मुलगा आणि प्रशियाचा राजा विल्यम एका मेजाला होते, आणि जेवण द्युग्लेरेंच्या हाताखाली झालं होतं. पॉम आनाचं श्रेयही त्यांनाच देतात. हे नाव आना देलियों या त्या काळच्या प्रसिद्ध गणिकेवरून पडलं असं सांगतात. ज्या काळात मेजवानीचा थाट म्हणजे पक्षी, मासे, कवचाचे प्राणी, ट्रफल, त्या काळात बटाटा, लोणी आणि मीठ एवढ्या तीनच वस्तूंचा पदार्थ तिथे मानाला चढावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे यासाठी तांब्याचं खास भांडंही निघालं. दोन कानांचं, खोल झाकणाचं, आणि झाकणासकट उलटं करता येईल असं. पॅरिसमध्ये जुन्या भांड्यांच्या दुकानात मी ते हातात घेऊन पाहिलं. जड, बुडाशी काळवंडलेलं, आत कल्हई. किंमत ऐकून परत ठेवलं, पण त्याची घडण नीट पाहून घेतली : झाकण भांड्याच्या काठावरून खाली उतरतं, म्हणून उलटताना लोणी सांडत नाही.

ते भांडं नसलं तरी आपलं अडत नाही. आपल्याकडे बिडाचा खोलगट तवा असतो, आणि साजूक तूप असतं. पॉम आनासाठी मुळातच लोणी कढवून, गाळून घ्यावं लागतं, कारण कच्च्या लोण्यातला दुधाचा अंश जळून काळे ठिपके पडतात. आपल्या तुपात तो अंश बेरीच्या रूपानं आधीच निघून गेलेला असतो. त्यामुळे फ्रेंच गृहिणीला जे आधी तयार करावं लागतं, ते आपल्या बरणीत कायम असतं. फक्त तूप फार रवाळ, फार कढवलेलं नको. त्याचा वास बटाट्यावर स्वार होतो. हलकं कढवलेलं गाईचं तूप याला उत्तम.

एक किलो पिठूळ बटाटे, शक्यतो एकाच जाडीचे, लांबट. सोलून धुवायचे, पुसायचे. धुणं इथेच संपलं. यानंतर पाण्याचा संबंध नाही. वेफर पाडायच्या किसणीवर दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या. याहून पातळ झाल्या तर शिजून एकजीव होतात, पापुद्रे वेगळे लागत नाहीत. जाड झाल्या तर वळत नाहीत आणि मधे फटी राहतात. चकत्या हवेनं काळ्या पडू लागतात, म्हणून पाण्यात टाकायचा मोह होतो, तो आवरायचा. त्याऐवजी एका परातीत घेऊन लगेच चार-पाच चमचे पातळ केलेलं तूप घालून हातानं हलकेच चोळायचं. तुपाच्या थरामुळे हवा लागत नाही, आणि कापलेल्या कडांवरचं सत्त्व जिथल्या तिथे राहतं.

तवा गरम करून त्यात दोन चमचे तूप. मधे एक चकती, तिच्याभोवती एकीवर एक अर्धी चढवत वर्तुळ, मग त्याच्या बाहेर उलट दिशेनं दुसरं वर्तुळ. हा तळाचा थर शेवटी वर येणार असतो, म्हणून तो मन लावून रचायचा. वरचे थर रचताना तितकं जपायला नको, पण खड्डे राहू नयेत. प्रत्येक थरावर चिमूटभर मीठ आणि थोडी पांढरी मिरी. पाच-सहा थर झाले की वर बटर पेपर ठेवून जड, सपाट बुडाच्या पातेल्यानं दाबायचं. आधी मध्यम आंचेवर दहा मिनिटं, कडेनं तूप फुटायला लागेपर्यंत. ओव्हन असेल तर मग २०० अंशांवर पाऊण तास, मधे दोनदा दाबत. ओव्हन नसेल तर मंद आंचेवर, तव्याखाली दुसरा तवा घालून, घट्ट झाकून अर्धा तास. मग ताटावर उलटवून, पुन्हा तव्यात सरकवून दुसरी बाजू पंधरा-वीस मिनिटं. गॅसवरची पॉम आना ओव्हनमधल्याइतकी सर्वांगानं सारखी रंगत नाही, पण तळाचा पापुद्रा तिचा जास्त कुरकुरीत होतो. मला तीच आवडते.

उलटवण्याआधी पाच मिनिटं थांबायचं आणि जास्तीचं तूप वाटीत निथळून घ्यायचं. ते तूप दुसऱ्या दिवशी मुगाच्या खिचडीवर. या पाच मिनिटांत स्टार्च जरा घट्ट होतो आणि सगळे थर एकमेकांना धरतात. सुरीनं केकसारखे त्रिकोण कापले की कडेनं सगळे थर पानासारखे मोजता येतात. बाहेरून काचेसारखा कुरकुरीत, आत मऊ. आमच्याकडे मी याच्यासोबत ताकाची पातळ कढी आणि काकडीची कोशिंबीर ठेवते. आंबटाची साथ लागतेच. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना परदेशी नावाचं काहीही नको असतं, त्यांनी दुसरा तुकडा मागून घेतला आणि म्हणाल्या, "हे काचऱ्यांचंच आहे की गं, उभं रचलेलं."

पॉम आनाची थोरली बहीण म्हणावी अशी फ्रान्सच्या डोंगराळ दोफिने प्रांतातली ग्रातँ दोफिन्वा. तिची पहिली नोंद १२ जुलै १७८८ची आहे. त्या दिवशी गाप या गावात प्रांताचे लेफ्टनंट जनरल, क्लेर्मों-तॉनेरचे ड्यूक, यांनी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना जेवण दिलं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीला वर्षभराचा अवकाश होता. त्या जेवणात छोट्या पक्ष्यांच्या मांसाबरोबर ही ग्रातँ होती. आपल्याकडच्या हॉटेलांत ग्रातँ म्हटलं की वर चीजची जाड साय येते. दोफिन्वात चीज नसतं, अंडं नसतं. चीज आणि मांसाचं पाणी घालतात ते शेजारच्या साव्वा प्रांतात, आणि त्या ग्रातँचं नावही वेगळं. ग्रनोब्लमध्ये एका छोट्या खानावळीच्या मालकीणबाईंना मी चीजविषयी विचारलं तर त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला, मला आत नेलं आणि दुधात उकळणाऱ्या चकत्यांचं पातेलं दाखवलं. दूध दाट झालं होतं, चमच्याच्या पाठीवर चढत होतं. त्यात पीठ नव्हतं. ते दाटपण बटाट्यानं दिलं होतं.

म्हणूनच इथेही चकत्या धुवायच्या नाहीत. अर्ध्या कापलेल्या लसणीच्या पाकळीनं काचेच्या पसरट भांड्याला आतून चोळायचं, मग तूप. एक किलो बटाट्याच्या दोन ते तीन मिलिमीटरच्या चकत्या अर्धा लिटर दूध आणि वाटीभर सायीत, मीठ, मिरी, जायफळ घालून मंद आंचेवर दहा-बारा मिनिटं. आपलं म्हशीचं दूध याला फार चांगलं, त्यात स्निग्धांश मुळातच भरपूर असतो. साय नीट घुसळून घालायची, गोळे राहू द्यायचे नाहीत. स्टार्च दुधाला सावरून धरतो, दूध फाटायची शक्यता त्यामुळे कमी होते. धुतलेल्या चकत्या घातल्या तर दूध एकीकडे आणि बटाटा एकीकडे, असं होतं. मग सगळं काचेच्या भांड्यात ओतून १६० अंशांवर तास-सव्वा तास. वरचा सोनेरी पापुद्रा दुधाचाच असतो, खरवडून खावा असा. मांसाहारी घरांत भाजलेल्या कोंबडीसोबत, आपल्यासारख्या शाकाहारी पंगतीत परतलेल्या पालकासोबत.

स्वीडनचा हॅसलबॅक बटाटा दिसायला देखणा आणि करायला सोपा, म्हणून तो हल्ली सगळीकडे दिसतो. स्टॉकहोमच्या हॅसलबाकेन रेस्टॉरंटवरून त्याचं नाव पडलं. १९५३च्या सुमारास तिथल्या एका शिकाऊ आचाऱ्यानं तो केला असं सांगतात. अख्खा बटाटा दोन लाटण्यांच्या मधे ठेवायचा आणि तीन मिलिमीटरच्या अंतरानं चिरा द्यायच्या. लाटणी सुरीला अडवतात, तळ शाबूत राहतो. फक्त एक करायचं : चिरा दिलेला बटाटा थंड पाण्यात बुडवून, चिरा उघडून आतलं सत्त्व धुवायचं आणि कोरडा करायचा. नाहीतर पानं एकमेकांना चिकटतात आणि फुलतच नाहीत. आपल्या चवीला लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी तुपात कालवून चिरांत भरावी. शेवटच्या दहा मिनिटांत भरायची, आधी भरली तर जळते.

फुगलेले बटाटे, पॉम सूफ्ले, हे मात्र हौसेचं काम. १८३७ साली पॅरिसहून सँ-जेर्मेंच्या दिशेनं रेल्वे सुरू झाली. उद्‌घाटनाची गाडी उशिरा आली, कोलिने नावाच्या आचाऱ्यानं अर्धवट तळलेल्या चकत्या काढून ठेवल्या, पाहुणे आल्यावर पुन्हा कडकडीत तेलात टाकल्या आणि त्या फुगल्या, अशी ती दंतकथा. कथा असो, पद्धत खरीच आहे. तीन मिलिमीटरच्या अगदी एकसारख्या चकत्या धुवून कोरड्या करायच्या, १५० अंशांच्या आतल्या तेलात हलवत सहा-सात मिनिटं, बाहेर काढून गार करायच्या आणि मग १९० अंशांच्या तेलात. पहिल्या तळणीत दोन्ही बाजूंना पातळ, घट्ट कातडी तयार होते. दुसऱ्या तळणीत आतल्या पाण्याची वाफ होऊन ती कातडी पुरीसारखी टम्म फुगते. नवा, पाणीदार बटाटा इथे उपयोगाचा नाही. जुना, सुकत आलेला, पिठूळ बटाटाच घ्यायचा. घाणातल्या चार-दोन चकत्या फुगत नाहीत, त्या मीठ लावून तशाच खाव्यात. टेबलवर काचेच्या वाडग्यात फुगलेल्या चकत्या आणल्या की मोठी माणसंही दोन क्षण हात पुढे करत नाहीत, नुसती पाहतात.

चकती सोडून एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण तिचं आपल्या घराशी थेट नातं आहे. जोएल रोबुशाँ (१९४५-२०१८) या फ्रेंच आचाऱ्याची ख्याती त्याच्या इतर सगळ्या पदार्थांपेक्षा बटाट्याच्या प्युरेमुळे जास्त झाली. १९८१ साली पॅरिसमध्ये उघडलेल्या जामँ या रेस्टॉरंटमध्ये ती मिळे. 'रात' जातीचे लहान बटाटे सालीसकट उकडायचे, गरम असतानाच सोलायचे, गाळणीच्या यंत्रातून काढायचे, पातेल्यात परतून कोरडे करायचे आणि मग एक किलोला पाव किलो थंडगार लोणी थोडंथोडं घालत घोटायचं, शेवटी गरम दूध. आता ते गाळणीचं यंत्र म्हणजे काय? तळाला भोकांची चकती, वर फिरतं पातं, हातानं फिरवायचा दांडा. ज्याँ माँतले या माणसानं १९३२ साली ते फ्रान्समध्ये बाजारात आणलं, आणि त्यातूनच पुढे मुलिनेक्स ही कंपनी उभी राहिली. आपल्याकडे त्याला पुरणयंत्र म्हणतात! होळीला आणि गौरींना बाहेर निघणारं, एरवी माळ्यावर पडून असलेलं ते पुरणयंत्र रोबुशाँच्या प्युरेसाठी हवं ते नेमकं साधन आहे. मिक्सरमध्ये उकडलेला बटाटा फिरवला तर पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि खळीसारखा चिकट लगदा होतो. पुरणयंत्र बटाट्याला फाडत नाही, दाबून पलीकडे पाठवतं. बारीक भोकांची जाळी लावून दोनदा फिरवावं. त्या प्युरेवर चमचाभर तूप आणि तळलेली लसूण. बस्स.

कुस्करलेल्या बटाट्याचा दिमाख पाहायचा तर गोव्याचा पोटॅटो चॉप आहेच, खिमा भरून, रव्यात घोळवून तळलेला. पेरूची काउसाही आहे. तिथल्या पिवळ्याधमक बटाट्यात लिंबू, तेल आणि पिवळी मिरची कालवून थर रचतात, मधे आव्होकाडो, मासा किंवा कोंबडी, आणि थंडच वाढतात. आपल्याकडे ती पिवळी मिरची मिळत नाही, पण हिरवी मिरची आणि हळदीच्या चिमटीवरही तो पदार्थ उभा राहतो. मधे कोवळ्या मक्याचे दाणे घालावेत.

दिवाळीत ऐन वेळी ओट्यापाशी अडकून पडायचं नसेल, तर पावे करा. अमेरिकी शेफ थॉमस केलरनं 'ॲड हॉक ॲट होम' या २००९ सालच्या पुस्तकात तो घरच्या स्वयंपाकासाठी दिला आहे. ग्रातँसारख्याच न धुतलेल्या पातळ चकत्या सायीत घोळवून, बटर पेपर घातलेल्या चौकोनी डब्यात दहा-पंधरा थरांत रचायच्या, झाकून दोन तास मंद ओव्हनमध्ये भाजायच्या, गार झाल्यावर वर डाळीचा भरलेला डबा ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये दाबायच्या. दुसऱ्या दिवशी थर इतके घट्ट बसलेले असतात की धारदार सुरीनं सरळ, काटकोनी वड्या पडतात. पाहुणे हात धुवायला उठले की बिडाच्या तव्यावर तुपात या वड्या उभ्या ठेवून दोन्ही कापलेल्या बाजू तांबूस करायच्या. प्रत्येक बाजूला चार मिनिटं पुरतात. ताटात आडव्या ठेवायच्या, थर वर दिसतील अशा, आणि वर फक्त जाड मिठाचे चार खडे. डब्याच्या कडेचे तिरपे तुकडे सरळ करताना जे कापावे लागतात, ते स्वयंपाक करणाऱ्यांनी तव्यापाशीच गरम गरम खायचे.